एका ‘जर्मन’ पेटीची गोष्ट

१/
आजचा धागा एका लाकडी पेटीविषयी आहे. चार वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील आठवडी बाजारात मी ती पेटी अठराशे रुपयांना विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याची, बंदुकीच्या काडतुसांची पेटी म्हणून घेतली. ती तशी नव्हती. मात्र ती तशी नाही हे कळण्याच्या वाटेवर जे हाती लागले, ते अठराशे रुपयांत कोठेही मिळाले नसते. वाटेत माझ्याच हातून झालेले एक नुकसानही उघड झाले. तेही सांगणार आहे.

२/
प्रथम हे वेड काय आहे ते पाहू. युद्धकालीन वस्तू जमवणाऱ्यांमध्ये दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे. तलवार, शिरस्त्राण, पदक या वस्तू मिरवण्यासाठी घडवलेल्या असतात. पेटी मात्र केवळ वापरण्यासाठी असते. ती कारखान्यात भरते, रेल्वेने प्रवास करते, चिखलात पडते आणि रिकामी होते. त्यामुळे युद्धाचा खरा कारभार, म्हणजे किती माल, कोठून आणि कोणत्या वर्षी, हे पेटीवर लिहिलेले असते. जर्मन पेट्यांवर तर ही नोंद फारच काटेकोर असे.

३/
उदाहरण घेऊ. जर्मन रायफल आणि मशीनगन या दोहोंना ७.९२ मिमीचे एकच काडतूस चाले. १५ काडतुसांचा एक पुठ्ठ्याचा डबा, असे २० डबे मिळून ३०० काडतुसांचा एक गठ्ठा, आणि असे ५ गठ्ठे मिळून एक लाकडी पेटी, म्हणजे एका पेटीत १,५०० काडतुसे. आता ‘एमजी ४२’ ही जर्मन मशीनगन आठवा. तिचा वेग मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांचा. म्हणजे सलग मारा केला तर दोन माणसांनी उचलून आणलेली पेटी सव्वा मिनिटात रिकामी. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

४/
अशी पेटी कशी ओळखावी, हे मी महिनोन्महिने वाचत होतो. कोपऱ्यांत फळ्यांचे दाते एकमेकांत कसे गुंतवले आहेत ते पाहावे. कडी-कोयंडा, मूठ, आतील कप्पे पाहावेत. रंग पाहावा, कारण १९४३च्या आरंभापासून जर्मन सैन्याने वाहनांसाठी आणि अवजड सामग्रीसाठी करड्या रंगाऐवजी गडद पिवळा रंग ठरवला. शस्त्र-तपासणी खात्याचा गरुडाचा शिक्का आणि क्रमांक शोधावा. कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून १९४०च्या सुमारास गुप्त अक्षरसंकेत आले. मागदेबुर्गच्या पोल्टे कारखान्याच्या काडतुसांवर ‘ए-यू-एक्स’ एवढीच अक्षरे असत. हे सारे मला पाठ होते. आणि तरीही मी फसलो.

५/
बाजारात पेटीवर धुळीचा थर होता, वर हिरवा रंग होता आणि एका बाजूस जर्मन भाषेतील दोन शब्द अर्धवट दिसत होते. विक्रेता म्हणाला, “भाई, असली जर्मन माल है. बडी लडाई का.” मला जे ऐकायचे होते तेच तो बोलला. त्याने पंचवीसशे मागितले, अठराशेवर सौदा तुटला. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन मी घरी आलो, तेव्हा स्टालिनग्राडपासून नॉर्मंडीपर्यंतचा सारा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे होता.

६/
घरी मऊ ब्रशने धूळ काढली. एका कोपऱ्यात लाकडात डागलेला शिक्का उमटला. गरुड नव्हे, गव्हाची ओंबी! शेजारी ‘डी-ई’ ही अक्षरे, एक क्रमांक आणि खाली ‘एच-टी’. माझे हात थांबले. हा शिक्का युद्धाचा नाही, व्यापाराचा आहे. परदेशी जाणाऱ्या लाकडी वेष्टनातून झाडांची कीड पसरू नये म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार लाकूड अशा प्रकारे तापवावे लागते की त्याच्या गाभ्याचेही तापमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राहील. ‘एच-टी’ म्हणजे ही उष्णता-प्रक्रिया, आणि ‘डी-ई’ म्हणजे जर्मनी. माझी पेटी जर्मन होती, पण माझ्याहून वयाने लहान होती.

७/
उलगडा सोपा होता. आपल्या शहराभोवती वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथे परदेशांतून यंत्रे आणि सुटे भाग येतात, ते मजबूत लाकडी पेट्यांतून. यंत्र कारखान्यात जाते, पेटी भंगारात. तिला कोणी तरी हिरवा रंग फासला की ती ऐंशी वर्षांनी म्हातारी होते. विक्रेत्याने ‘जर्मन’ म्हटले ते खरेच होते. ‘लढाई’ माझ्या इच्छेतून आली होती. संग्राहकाची फसवणूक बहुधा अशीच होते. त्याचा निम्मा भाग विक्रेता उचलतो आणि उरलेला आपण स्वतः.

८/
त्या फजितीनंतर ठरवले की एकदा तरी खरी, निर्विवाद जर्मन युद्धसामग्री डोळ्यांनी पाहायची. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून घोडदळाच्या परंपरेचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथे ब्रिटिशांचा ‘माटिल्डा’ रणगाडा उभा आहे आणि जर्मनांची ८८ मिमीची विख्यात तोफही आहे. पुस्तकात ज्या दोघांची झुंज वाचली होती, ते दोघे नगरच्या उन्हात एकाच आवारात शांत उभे होते.

९/
तेथे एक प्रश्न मनात आला, जो पेटी विकत घेताना आला नव्हता: ही तोफ रोखली होती कोणावर? उत्तर शोधले तेव्हा वाट लिबिया-इजिप्तच्या सरहद्दीवरील हलफाया खिंडीत गेली. जून १९४१ मध्ये ब्रिटिशांनी तेथे ‘बॅटलॲक्स’ मोहीम काढली. जर्मनांनी ८८ मिमीच्या तोफा जमिनीत खोल बसवून ठेवल्या होत्या, आणि माटिल्डा रणगाडे त्यांच्यापुढे एकामागून एक जळाले. त्या हल्ल्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती. तिच्या अकराव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची दुसरी पलटण होती. वर्षभराने, जून १९४२ मध्ये, टोब्रुक पडले तेव्हा हीच पलटण जर्मनांच्या कैदेत गेली.

१०/
म्हणजे मी इतके दिवस जर्मन पेटीकडे जर्मनांच्या बाजूने पाहत होतो. त्यांची शिस्त, त्यांचे संकेत, त्यांचा रंग यांत मी गुंतलो होतो. पेटीतील गोळी ज्या दिशेला जात होती, त्या दिशेला आपली माणसे होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

११/
आता तो सव्वा मिनिटाचा हिशेब आठवा. १० जुलै १९४४. इटलीतील वरच्या टायबर नदीचे खोरे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे सरकत होते. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून तुकडीतील सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि गनर निकामी केला, एकाला गोळी घातली. शस्त्रात नव्या गोळ्या भरण्याइतका वेळ उरला नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. वय २२. गाव कोकणात, माणगाव तालुक्यात. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१२/
दुसरे नाव नामदेव जाधव. हे नगर जिल्ह्याचे, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या बांधावर, पहिल्या पलटणीचे निरोप्या म्हणून ते कंपनीबरोबर होते. सोबतचे बहुतेक पडल्यावर त्यांनी दोन जखमींना गोळीबारातून, पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे नेले. मग परत येऊन शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत साथीदारांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते वाचले, गावी परतले आणि १९८४ मध्ये वारले.

१३/
पेटीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती भरली कोणी? पोलंडमधील स्कार्झिस्को-कामिएन्ना येथे ‘हासाग’ या जर्मन कंपनीचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तेथील काडतुसांवर ‘के-ए-एम’ ही अक्षरे येत. हे काम ज्यू वेठबिगारांकडून करून घेतले जाई. पिक्रिक आम्ल हाताळणाऱ्या विभागात माणसांची कातडी पिवळी पडे आणि थोड्याच काळात ती मरत. आज काही संग्राहक ‘के-ए-एम’ हा संकेत दुर्मीळ म्हणून शोधतात. तो दुर्मीळ का वाटावा आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ठाऊक असल्याखेरीज तो हाती धरू नये. गरुड आणि स्वस्तिकाची चिन्हे शोभेची म्हणून मांडणाऱ्यांनी हेही जाणावे की खुद्द जर्मनीत शिक्षण वा संशोधनाच्या कारणाविना त्यांचे सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे.

१४/
आता घरची गोष्ट. मी ती यंत्राची पेटी गच्चीत ठेवली होती. गंगापूर तालुक्यातील आमच्या गावाहून आजी आली. पेटीकडे पाहून म्हणाली, “आरं, ही कशापायी आणली?” मी सारी फजिती सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “खरी लढाईची पेटी तर आपल्या माळवदावर पडलीय की! माझ्या काकांनी दिलेली.” मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ज्या पेटीत लहानपणी मी लपत असे, जिच्यात तुरीची डाळ असे, तीच ही.

१५/
आजीचे माहेर नेवासे तालुक्यात, गोदावरीच्या पलीकडे. आज पूल ओलांडला की झाले. पण १९४८ पर्यंत ती नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचा औरंगाबाद जिल्हा, पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. तिच्या माहेरची माणसे आमच्या बाजूला ‘मोगलाई’ म्हणत. तिचे काका नगरला सैन्यात भरती झाले आणि मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले. लढाईबद्दल ते फारसे बोलत नसत. बोलत ते ओझ्याबद्दल. इटलीच्या डोंगरांत रस्ता संपला की दारूगोळा खेचरांवर लादत आणि खेचरांचीही वाट संपली की पेट्या माणसांच्या खांद्यावर येत. रात्री, पावसात, चिखलात, हाती दिवा न घेता.

१६/
युद्ध संपल्यावर सरकारने उरलेला लष्करी माल विकायला काढला. तंबू, बूट, घोंगड्या, पेट्या. त्याला तेव्हा ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. काकांनी त्यातून एक रिकामी पेटी विकत आणली. घरच्यांनी विचारले, कशाला? आजीला त्यांचे उत्तर आठवते: “एवढ्या वाहिल्या, एक घरी असू दे.” १९५७ मध्ये आजीचे लग्न झाले तेव्हा तिच्या रुखवताची पितळी भांडी त्याच पेटीतून नदीपार आली. काकांनी बजावले होते की पेटी उचलताना नेहमी दोघांनी उचलायची. रिकामी असली तरी.

१७/
पुढच्याच रविवारी गावी गेलो. माळवदावरून पेटी खाली उतरवली. दोघांनी मिळून. गावच्या सुताराने फळीवर नख घासून पाहिले आणि म्हणाला, हे थंड मुलखातले लाकूड नाही, आपल्याकडचेच आहे, आंबा नाही तर सावर. एका बाजूला रुंद टोकाचा बाण डागलेला होता आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर. ब्रिटिश सरकारी मालावर बाण असे. बाणाखाली ‘आय’ म्हणजे तो माल हिंदुस्थान सरकारचा. पुसट काळ्या रंगात ‘३०३’ हा आकडा होता. हिंदी सैनिकांच्या रायफलीचे ते काडतूस. खडकीच्या कारखान्यातही ते बनत असे आणि त्याच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ या अक्षरांच्या मध्ये तोच बाण असे.

१८/
आता माझ्या हातून झालेले नुकसान सांगतो. पेटीला झाकण नव्हते. मी आजीला विचारले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाली, “तूच तर काढलं होतंस, बाळा. दिवाळीला माळवद आवरताना.” मग आठवले. दोन वर्षांपूर्वी मीच ते किडलेले, मोडके फळकूट म्हणून अंगणात टाकले होते. आंघोळीचे पाणी तापवायला ते बंबात गेले. झाकणाच्या आतल्या बाजूस छापील अक्षरे होती आणि त्याखाली काकांनी खिळ्याने कोरलेले काहीतरी होते, एवढे आजीला आठवते. काय होते, ते तिला वाचता येत नव्हते. मला येत होते. मी वाचले नाही.

१९/
पेटीचे वर्ष, ती कोणत्या कारखान्यात भरली, आणि एका सैनिकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कदाचित एकमेव मजकूर, असे सारे त्या बंबात गेले. अशा पेट्यांवर झाकण हाच दस्तऐवज असतो. हे मला जर्मन पेट्यांबाबत पाठ होते. स्टालिनग्राडच्या पेटीचे झाकण मी काचेत ठेवले असते. नेवाशाच्या पेटीचे झाकण मी जाळले, कारण ती ‘घरचीच’ होती. या धाग्यात मला सांगायचे आहे ते एवढेच: आपण दूरच्या इतिहासाला संग्रहात जागा देतो आणि जवळच्या इतिहासाला अडगळ समजतो.

२०/
तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः नगर, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांत, असे काही असेल. पेटी, पत्र्याची ट्रंक, घोंगडी, पेन्शनचे पुस्तक, पदक. थोडी पथ्ये सांगतो.

एक: हात लावण्याआधी छायाचित्रे काढा, सर्व बाजूंची आणि आतली. झाकण, तळ आणि कोपरे विसरू नका.

दोन: घासू नका, रंगवू नका, पॉलिश करू नका. डाग हादेखील पुरावा असतो.

तीन: घरातील ज्येष्ठ जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि ते कोणी, कोणत्या तारखेला सांगितले तेही लिहा. आठवण आणि पुरावा यांचे रकाने वेगळे ठेवा.

चार: जिवंत काडतूस, गोळा वा हातबॉम्ब दिसला तर उचलू नका, पोलिसांना कळवा. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणे गुन्हा आहे, मग तो कितीही जुना असो.

पाच: जुन्या लष्करी पेट्यांच्या लाकडाला कीडनाशके लावलेली असू शकतात. आमच्या घराने त्यात डाळ ठेवली. तुम्ही ठेवू नका.

२१/
नाव शोधायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? घरचा कोणी युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नामसूची सर्वांना खुली आहे. इटलीत पडलेल्या अनेक हिंदी सैनिकांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पत्रव्यवहार करताना सैनिकाचा क्रमांक हाती असेल तर काम सोपे होते, आणि तो क्रमांक बहुधा पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला असतो. म्हणून ते कागद रद्दीत घालू नका.

२२/
इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. माणगावच्या एका तरुणाची आठवण परक्या गावाने आपल्या चौथऱ्यावर ठेवली. आपल्या माळवदावर काय आहे, हे पाहण्याचे काम मात्र आपले आहे.

२३/
दोन्ही पेट्या आज माझ्याकडे आहेत. जर्मन यंत्राची पेटी मी टाकून दिली नाही. तिच्यात आता पुस्तके आहेत आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का मुद्दाम दर्शनी बाजूस ठेवला आहे, पाहुण्यांनी विचारावे म्हणून. आजीची पेटी गावाहून आणली, तीही दोघांनी उचलून. तिच्याशेजारी मी एक कार्ड लावले आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे:

‘काडतुसांची पेटी. हिंदुस्थान सरकारचा बाण. युद्धानंतर डिस्पोजलमधून खरेदी. माहिती: आजी, वय ८१. वर्ष: अज्ञात. झाकण: नाही. कारण: माझा निष्काळजीपणा.’

आजीने ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. शेवटची ओळ खोड म्हणाली. मी खोडली नाही.